बाळ येणार आहे, घर कसं लावायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मुलगी आता चौदा महिन्यांची आहे. ती पोटात होती तेव्हाही आमचं घर हेच होतं: नाशिकच्या इंदिरानगरमधलं, दुसऱ्या मजल्यावरचं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तेव्हा जे प्रश्न मी आईला, सासूबाईंना आणि डॉक्टरांना विचारत होते, तेच आता ऑफिसातल्या मैत्रिणी, मावसबहीण आणि खालच्या मजल्यावरची नवी सून मला विचारतात. फोनवर सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहून काढलं. औषधपाण्याच्या बाबतीत तुमच्या डॉक्टरांचंच ऐका. इथे लिहिलंय ते घरातलं.

घरातली कामं कोणत्या महिन्यात काढावीत?

चौथ्यापासून सातव्यापर्यंत. चौथा लागेपर्यंत बहुतेकींची मळमळ कमी होते, आणि सातव्यापर्यंत वाकता-उठताना पोट फारसं आड येत नाही. ३७ आठवडे भरले की बाळ कधीही येऊ शकतं, तेव्हा ४० आठवड्यांचा हिशोब धरून शेवटच्या पंधरवड्यासाठी काहीही शिल्लक ठेवू नका. शिवाय पाऊस ध्यानात घ्या. जून ते सप्टेंबर रंग नीट वाळत नाही, लाकडी खण फुगतात, गोधडी दोन-दोन दिवस ओली राहते. आम्ही मे महिन्यात भिंती उरकल्या, पावसाळ्यात बसून शिवण केलं आणि दिवाळीनंतर फक्त कपडे धुऊन ठेवले.

बाळासाठी वेगळी खोली लागते का?

नाही. पहिले सहा महिने तरी बाळाने आईच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर झोपावं, असंच डॉक्टर सांगतात. त्यामुळे खोली नसल्याचं अजिबात वाईट वाटून घेऊ नका. लागतो तो एक कोपरा, आणि तो बाळापेक्षा आईसाठी लावायचा असतो. हे मला उशिरा कळलं. सहाव्या महिन्यापर्यंत मी भिंतीवर काय चिकटवायचं याचा विचार करत होते. मग आई आली. तिने मला पलंगावर बसवलं, मांडीवर उशी दिली, म्हणाली, "हे तुझं बाळ. दूध पितंय. आता हलायचं नाही. सांग, पाणी कुठंय?" पाणी स्वयंपाकघरात होतं. लंगोट कपाटात वरच्या खणात, दिव्याचं बटण दाराशी, मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला.

त्या संध्याकाळी आम्ही कोपरा नव्याने लावला. पलंगाच्या उजव्या हाताला लहान स्टूल, त्यावर झाकणाचा तांब्या आणि खाऊचा डबा. खाली प्लॅस्टिकची उघडी टोपली, तिच्यात लंगोट, दुपटी, पुसायचे मऊ फडके. पायाशी बादली, ओल्या कपड्यांसाठी. डोक्याशी मंद दिवा, त्याचं बटण हाताला येईल असं. सगळं मिळून हजार रुपयांच्या आत झालं, कारण स्टूल आणि टोपली घरातलीच होती. पहिल्या चाळीस दिवसांत त्या कोपऱ्याचा जेवढा उपयोग झाला, तेवढा विकत आणलेल्या एकाही वस्तूचा झाला नाही. तुम्हीही मांडीवर उशी घेऊन हे करून बघा. फक्त एक हात वापरायचा, उठायचं नाही.

रंग देऊन घेऊ का?

घ्या, पण तुम्ही त्या घरात नसताना. पाण्यात मिसळणारा, कमी वासाचा रंग निवडा. ऑइल पेंट आणि थिनरचा वास टाळाच. जास्त काळजी जुना रंग खरवडण्याची. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या) खाली असावं असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या दारं-खिडक्यांवरच्या तैलरंगात शिसं असू शकतं, आणि घासताना उडणारी धूळ गरोदर बाईच्या आणि बाळाच्या दोघांच्याही वाईटावर. सुका पॉलिशपेपर मारायला लावू नका. ओलं करून घासायचं, फरशी ओल्या फडक्याने पुसायची, आणि तुम्ही त्या दिवसांत माहेरी किंवा बहिणीकडे. आम्ही चार दिवस पंचवटीत आत्याकडे राहिलो, परत आल्यावर आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवल्या, मगच त्या खोलीत झोपलो.

गोधडी घरी शिवता येईल का? मला शिवण येत नाही.

येईल. धावदोरा आला की गोधडी आली. गरोदरपणातलं याहून चांगलं काम मला तरी माहीत नाही.

माझ्या चांदवडच्या आजीची दोन जुनी सुती लुगडी आईने जपून ठेवली होती. धुऊन-धुऊन इतकी मऊ झालेली की हातात घेतलं तर पाण्यासारखी घसरत. तान्ह्या बाळाला साधारण पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर लांब पुरते. चार पदर घ्या. पाचवा घेतला की सुई जड जाते आणि धुतल्यावर वाळत नाही. जर घातलेला काठ कापून टाका, तो बाळाच्या गालाला टोचतो. काठ वाया जात नाही, पुढे टोपऱ्याच्या बाहेरच्या बाजूला लावता येतो.

जमिनीवर पसरून, ओणवं होऊन शिवू नका. आमच्या आज्या तशाच शिवायच्या, पण सातव्या महिन्यात ते नको. जेवणाच्या टेबलावर पसरा. चारही पदर तळहाताने मधून बाहेर असे सपाट करत आणा, कडेने मोठे कच्चे टाके घाला. मग पक्का दोरा काठापासून आत, चौकोनात चौकोन असा फिरवत न्यायचा. दोन ओळींत बोटभर अंतर. टाका गव्हाच्या दाण्याएवढा. सुरुवातीला माझा टाका कधी गहू, कधी हरभरा असा पडायचा. आईने उसवू दिला नाही. म्हणाली, बाळाला टाका दिसत नाही, मऊ लागलं की झालं.

अर्ध्या तासाने उठा. पाय लहान पाटावर ठेवा, पाठीला लोड. आणि एक गोष्ट फार कळकळीने सांगते: टाचण्या मोजून लावा आणि मोजून काढा. मी वीस लावल्या होत्या, एकोणीस निघाल्या. विसावी सापडेपर्यंत आम्ही दोघांनी ती गोधडी इंच-इंच चाचपली. ती दुसऱ्या आणि तिसऱ्या पदराच्या मधे आडवी झोपली होती. तेव्हापासून टाचण्या बंद, फक्त कच्चे टाके.

ट्रंकेतल्या जुन्या साड्यांना डांबर गोळ्यांचा वास येतो. धुऊन चालतील?

नुसत्या धुऊन लगेच वापरू नका. डांबर गोळी म्हणजे बहुतेक वेळा नॅप्थलीन. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असतं. अशा बाळांच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनने फुटतात, रक्त कमी होतं आणि कावीळ वाढते. आपल्या बाळाला ते आहे की नाही हे आधी कळत नाही. म्हणून असे कपडे दोन-तीन वेळा गरम पाण्याने धुवा, प्रत्येक वेळी कडक उन्हात दिवसभर वाळवा, आठवडाभर हवेशीर ठेवा. नाक लावून वास उरला असेल तर ती साडी बाळासाठी नाहीच. धुतलेल्या कपड्यांत पुन्हा गोळ्या टाकू नका. वाळलेली कडुनिंबाची पानं फडक्यात बांधून ठेवली तरी पुरतं.

झबली, लंगोट, दुपटी किती शिवू?

झबली दहा-बारा, लंगोट पंचवीस-तीस, दुपटी डझनभर, टोपरी तीन, कुंची एक. पुढून उघडणारी, बांधायला बंद लावलेली झबली शिवा, डोक्यावरून घालायची नकोत. पावसाळ्यातलं बाळ असेल तर लंगोट दहा जास्तच ठेवा. नवं कापड एकदा धुऊनच वापरायचं. मेनरोडला मलमल आणि सुती तागा चांगला मिळतो, पण संध्याकाळच्या गर्दीत जाऊ नका. सकाळी दुकानं उघडता उघडता जा. आणि सगळं एकाच मापाचं शिवू नका, बाळं महिन्याभरात झबल्याबाहेर जातात.

माहेरचा जुना लाकडी पाळणा वापरू का?

जरूर, तपासून. दोन दांड्यांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर बाळाचं अंग निसटून मान अडकू शकते. कड्या आणि साखळ्या ओढून बघा, कुठे पोपडे आलेत का बघा. जुना रंग असेल तर शिशाची वर सांगितलेली काळजी इथेही घ्या. आतली गादी सपाट आणि घट्ट हवी, चारी बाजूंनी बसणारी. पाळण्यात बाळाला पाठीवर झोपवायचं, आत उशी नाही, लोड नाही, खेळणी नाहीत. साडीच्या झोळीत बाळ लवकर झोपतं हे खरं. पण त्यात हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो, म्हणून झोळीत एकटं सोडून कुणी स्वयंपाकघरात जाऊ नये.

राईच्या उशीचंही लगेच विचाराल. डोकं गोल व्हावं म्हणून माझ्या मावशीने हौसेने शिवून आणली होती. आम्ही ती वापरली नाही. बाळ जागं असताना थोडा थोडा वेळ पोटावर, मांडीवर, वेगवेगळ्या कुशीवर ठेवलं की डोकं आपोआप गोल होतं.

आई आणि सासूबाई जुनं सांगतात, डॉक्टर नवं. मधे माझी ओढाताण होते.

ही ओढाताण खरी आहे आणि ती एकटीने सोसायची गरज नाही. मी आठव्या महिन्याच्या तपासणीला सासूबाईंना सोबत नेलं. त्यांना बाळगुटी द्यायची होती, सहाण घासूनपुसून ठेवली होती. त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की सहा महिने फक्त आईचं दूध, वरून पाणीसुद्धा नको, गुटीही नको. नाळेवर हळद, राख, तेल काही लावायचं नाही, ती कोरडीच राहू द्यायची. डोळ्यांत काजळ नाही. घरी येताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं मीच विचारलं." माझ्या तोंडून ऐकताना त्यांना कमीपणा वाटला असता. आणि त्यांचं बरंचसं बरोबरच होतं, हेही सांगायला हवं: हलक्या हाताची मालिश, बाळंतिणीची विश्रांती, गरम ताजं जेवण, उठसूट पाहुण्यांना मनाई. या चार गोष्टींनी मला उभं केलं.

डिसेंबर-जानेवारीतलं बाळ आहे. नाशिकच्या थंडीत शेक-शेगडी करायची का?

माझी मुलगी डिसेंबरमधलीच. आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर त्याहूनही कमी, त्यामुळे काळजी साहजिक आहे. पण कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नाही. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. खोलीतली माणसं झोपेतच बेशुद्ध होतात. पलंगाखाली शेगडी ठेवून दार-खिडक्या लावून घ्यायच्या, ही पद्धत आता सोडायलाच हवी. ओवा-शेपाची धुरीही नको, तान्ह्याच्या छातीला धूर सोसत नाही. शेकच हवा तर आईच्या कमरेला गरम पाण्याची पिशवी.

बाळासाठी सोपा हिशोब: आपल्या अंगात जेवढं, त्याहून एक कपडा जास्त. झबलं, वर स्वेटर, पायमोजे, दुपट्यात गुंडाळणं. छातीला हात लावून बघा. तळहात-तळपाय थोडे गार असले तरी छाती कोमट असेल तर बाळ ठीक आहे. मान घामेजली असेल तर एक थर काढा. सगळ्यात चांगली ऊब म्हणजे आईच्या छातीशी, अंगाला अंग लावून. बाबाच्या छातीशीही तेवढीच. आंघोळ जन्मल्यावर निदान एक दिवस तरी नको, आणि नंतर दुपारी, ऊन घरात आल्यावर. आम्ही भांडी बाजारातून तांब्याचं लहान घंगाळ आणलं. ते रोज चकचकीत ठेवायचं काम सासऱ्यांनी आपण होऊन घेतलं.

घरकाम किती करावं?

चालत्या-फिरत्या बाईने रोजचं काम करायला काहीच हरकत नसते, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तर. पण स्टुलावर चढणं नाही. माळा काढणं, पंखे पुसणं, सिलेंडर सरकवणं, भरलेली बादली उचलणं नाही. आमची दिवाळीची साफसफाई मला आठव्यात आली. तेव्हा मी खुर्चीवर बसून डबे पुसले आणि नवऱ्याने माळा काढला. संडास-बाथरूमचं अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र कधीच करू नका, त्यातून क्लोरीन सुटतो. ते काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या. घरात मांजर असेल तर तिच्या शी-शूच्या ट्रेमधली माती बदलण्याचं कामही दुसऱ्याला द्या. कुंड्यांतल्या मातीत हात घालताना हातमोजे घाला. संध्याकाळी थोडं चाला. मला कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक सोयीचा पडला, सपाट आहे आणि दमलं की बसायला जागा मिळते.

पावसाळ्यात डासांचं काय?

आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळा. डेंग्यूच्या डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून सात दिवसांच्या आत सगळं साचलेलं पाणी ओतलं की साखळी तुटते. कुंडीखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, गच्चीवरचं जुनं टायर. आमच्याकडे अळ्या फ्रिजच्या ट्रेमध्ये सापडल्या, जिथे कुणी बघत नाही. पाळण्याला मच्छरदाणी शिवून घ्या. गरोदरपणात ताप आला तर घरगुती काढ्यावर दिवस काढू नका.

द्राक्षं, पपई, मिसळ खाऊ ना?

द्राक्षं खा, नाशिकला राहून का सोडायची! जानेवारी ते एप्रिल आपल्याकडे भरपूर असतात. फवारणी झालेली असते, म्हणून घडाचे मणी सुटे करून दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवा, मग वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. साखर वाढलेली असेल तर डॉक्टरांना प्रमाण विचारा. कच्ची पपई नको. मिसळ जळजळ होत नसेल तर कधीमधी. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका, ती अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून निदान दोन तास लांब ठेवा.

डोहाळे जेवण घरीच करायचंय. कसं करू?

सातव्यात, दुपारी लवकर, आणि जेवढी माणसं घरात बसू शकतील तेवढीच बोलवा. हिरवी साडी सुती नेसा. फुलांची वाडी बहिणींनी घरीच केली: शेवंती आणि निशिगंध, सुईदोऱ्याने ओवलेले, बाजूबंद, कंठा, मुकुट. रात्री ओवून ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलं. मला उभं राहायला लागू नये म्हणून पाटाऐवजी हातांची खुर्ची सजवली. ओटी भरताना प्रत्येकीने वाकून माझ्यापर्यंत यायचं, मी वाकायचं नाही, हे आईने दारातच सगळ्यांना सांगून टाकलं.

दोन वाट्या झाकून पेढा की बर्फी ओळखायला लावतात, तो खेळ आम्ही खेळलो नाही. दोन्ही वाट्यांत दोन्ही ठेवलं. गर्भलिंग विचारणं आणि सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि घरच्या खेळातसुद्धा एका वाटीला हळहळ आणि दुसरीला टाळ्या मला नको होत्या.

लाडू कधी करून ठेवू?

तुम्ही नका करू, कुणाला तरी सांगा. डिंक, अळीव आणि खारीक-खोबऱ्याचे लाडू बाळंतपणानंतर ताजेच बरे. आधी करून ठेवायचं ते सामान: डिंक निवडून, खारीक पूड करून, खोबरं किसून डब्यांत.

दवाखान्याची पिशवी आणि कागदपत्रं?

३४-३५ आठवड्यांना पिशवी दाराशी. माता-बाल संरक्षण कार्ड, सगळे रिपोर्ट, रक्तगटाची चिठ्ठी, दोघांची आधार कार्डं, विम्याचे कागद एका फाइलमध्ये. पुढून उघडणारे दोन गाऊन, चपला, चादर, बाळाची चार झबली, दहा लंगोट, टोपरं, दोन दुपटी. पिशवी घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. पंचवटी किंवा जुन्या नाशकात राहत असाल तर रथयात्रा, रंगपंचमी, गणेश विसर्जन आणि २०२७ चा सिंहस्थ यांत रस्ते बंद असतात, तेव्हा दुसरा रस्ता आधीच बघून ठेवा. १०८ चा नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावा.

सरकारी गोष्टी कोणत्या विसरू नयेत?

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. अटी आशाताई किंवा अंगणवाडी ताई नीट सांगतात. नोकरीत पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे आधी घेता येतात. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची.

कशासाठी थांबायचं नाही?

रक्तस्राव, पाणी जाणं, थांबत नसलेली डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा-हात एकदम सुजणं, ताप, झटका, बाळाची हालचाल कमी वाटणं. रात्रीचे तीन असले तरी निघायचं. "सकाळपर्यंत बघू" हे वाक्य या यादीसाठी नाही. मला नवव्यात एकदा दुपारभर हालचाल कमी वाटली. गेलो, तपासलं, सगळं ठीक होतं, आणि डॉक्टर अजिबात रागावल्या नाहीत.

गोधडी अर्धीच राहिली आणि दिवस भरले तर?

माझी राहिली होती. तीन बाजू झाल्या होत्या, चौथा कोपरा मोकळा, सुई त्यातच खोचलेली. पहाटे निघताना आईने आधी ती सुई काढून डबीत ठेवली, मग चप्पल घातली. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा गोधडी पूर्ण होती. निळा दोरा संपला होता म्हणून शेवटचा कोपरा तांबड्या दोऱ्याने शिवलाय, आणि तिथले टाके गव्हाच्या दाण्याएवढे, सगळे सारखे.